राखणीला

संक्रांतीनंतरच्या रविवारी एका शिष्येच्या घरी जेवायला गेले होते. तासगावच्या पुढे आठ-दहा किलोमीटर आत, मळ्यातलं घर. शाळूची भाकरी, वांग्याचं भरीत, वर लोण्याचा गोळा. हात धुताना तिचे वडील म्हणाले, "बाई, आलायसाच तर बाग बघून जावा." बागेत पाणी उतरलं होतं. म्हणजे कडक हिरवे मणी मऊ पडून आतून उजळायला लागतात तो आठवडा. पाखरांना ही तारीख कोण कळवतं कोण जाणे, पण बुलबुल आणि साळुंक्या अगदी वेळेवर हजर होतात. तारांवर चमकीच्या पट्ट्या फडफडत होत्या आणि मधेमधे सीड्या टांगलेल्या, वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या. त्यांचे कवडसे पानांवरून, आमच्या अंगावरून पळत होते. तिचे वडील वेलीवरच्या दावण्या रोगाचं आणि औषधांच्या किमतींचं सांगत होते, मी मान वर करून हूं हूं म्हणत चालले होते, आणि तिसऱ्या का चौथ्या ओळीत मला माझाच तंबोरा दिसला.

माझीच सीडी होती ती. तिच्यावरच्या चित्राचे रंग दवानं ओघळले होते. माझा चेहरा साफ गेला होता. भोपळा तेवढा शाबूत होता आणि माझ्या नावातली शेवटची दोन अक्षरं. मधल्या भोकाला दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे लावून त्यातून तार ओवली होती, घासून प्लॅस्टिक तडकू नये म्हणून. इतक्या निगुतीनं टांगलेली की राग यायलाही जागा नव्हती.

मी काही बोलले नाही. शिष्याही पुढे निघून गेली.

परतीच्या एस.टी.त मात्र ते डोक्यातून जाईना. अपमान वाटला का? थोडा वाटला, खोटं कशाला बोलू. पण खरी रुखरुख वेगळीच होती. ती सीडी फिरली तेव्हा तिची मागची बाजू मला हिरवट दिसली होती. शेजारच्या सिनेमाच्या सीड्या आरशासारख्या पांढऱ्या आणि ही हिरवट. म्हणजे माझी दुसरी सीडी, २०१३ ची. पहिली कारखान्यात दाबलेली होती, दुसरी कॉम्प्युटरवर राईट केलेली. दाबलेल्या सीडीत गाणं म्हणजे प्लॅस्टिकमध्ये उमटलेले खळगे असतात. राईट केलेल्या सीडीत खळगे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसरनं त्याच्यावर डाग पाडलेले असतात. हिरवट दिसतो तो तोच रंग. आणि रंग म्हटला की उन्हात विटणार, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा. बागेत लटकलेली ती सीडी पाखरं हाकलत होती आणि रोज थोडी थोडी पुसली जात होती. तिच्यात आता काय उरलं असेल, एवढंच सांगली येईपर्यंत मनात फिरत राहिलं.

तसं गाण्याला शेतात राखणीला बसवायची चाल काही नवी नाही. आमच्या वडिलांच्या रानात शाळू हुरड्यावर आला की ते खराब झालेल्या कॅसेटची फीत काढून या मेढीपासून त्या मेढीपर्यंत ताणून बांधायचे. तपकिरी, चकचकीत, करंगळीच्या नखाहून अरुंद. वारा आला की फीत थरथरायची आणि घूंऽऽ असा आवाज निघायचा, जवारी नीट न लागलेल्या तंबोऱ्यासारखा. मी मेढीला कान लावून बसायची. त्या फितीवर भजन होतं की लावणी की कुणाच्या लग्नातली सनई, ते आवाजावरून काही कळत नसे. वाऱ्याला सगळं सारखंच. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याची फीत होती ना.

पहिली सीडी मी २००९ साली काढली. 'काढली' हाच शब्द आहे आपल्याकडे. कर्ज काढतात, वरात काढतात, तशी सीडी काढतात, आणि माझ्या बाबतीत तिन्ही एकदमच झालं. शिक्षक पतसंस्थेतून पैसे उचलले. आकाशवाणीची बी-हाय ग्रेड होती, शाळेतली नोकरी होती, पंचवीस वर्षं गात होते, आणि कार्यक्रम संपला की कुणी ना कुणी विचारायचंच, "बाई, तुमची सीडी नाही का?" नाही म्हणताना दर वेळी घरात बसायला पाट नसल्यासारखं वाटायचं. मोठ्या कंपन्या आमच्यासारख्यांकडे बघत नव्हत्या, आणि बघितलं तरी मास्टर, म्हणजे मूळ मुद्रण, त्यांचं, हक्क त्यांचे, आपल्याला शंभर प्रती आणि हार. मग ठरवलं, आपणच काढायची.

पुण्यात स्टुडिओ बघितला. चार शिफ्ट. पहिल्या शिफ्टला तबला, पखवाज, टाळ वाजवून मंडळी मोकळी. दुसऱ्या शिफ्टला पेटी आणि बासरी. माझं डबिंग तिसऱ्या शिफ्टला, म्हणजे पुढच्या आठवड्यात. समेवर आले की तबलजीकडे बघायची माझी जन्माची सवय. इथं तबलजी गेल्या मंगळवारीच वाजवून घरी गेलेला, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बशीत चहा ओतत होता. मी समेवर यायची आणि त्याच्या बशीकडे बघायची. तंबोऱ्याचं विचारलं तर म्हणाला, "कशाला त्रास घेता, इलेक्ट्रॉनिक लावू की, हलणार नाही." हललाच नाही तो. आठही अभंगांत मागे एकसारखा गुणगुणत राहिला, फ्रिजसारखा. मिरजेपासून अर्ध्या तासावर राहणारी बाई मी, माझ्या घरी मिरजेत बनवलेला तंबोरा, आणि माझ्या पहिल्या सीडीवर डबा वाजतोय. ऐकणाऱ्याला कळत नाही म्हणतात. मला कळतं.

खरं नाटक पुढेच होतं. गाणी मिक्स होऊन आली की ती एका मास्टर सीडीवर क्रमानं उतरवायची असतात, आणि ती एकाच दमात लिहावी लागते. एकेक ट्रॅक सुटा सुटा राईट केला तर यंत्र दोन ट्रॅकमध्ये आपलं आपण थांबतं, सांधा ठेवतं. ज्या मुलाकडे मी हे काम दिलं त्यानं तसंच केलं. माझा शेवटचा अभंग गजरात मिसळत जातो, मधे श्वास घ्यायला जागा नाही. तिथं बरोबर दोन सेकंद शांतता. जणू वारकरी चालता चालता रेल्वेच्या फाटकाशी थांबलेत. कारखान्यात पाठवायच्या आदल्या रात्री हे लक्षात आलं म्हणून वाचले. त्यांनी एकदा साचा केला की मग देव आला तरी बदल नाही.

तो साचा कसा करतात ते मी बघून आले. कारखाना मुंबईला होता आणि आमच्या ह्यांना यंत्रांचं भारी वेड. काचेच्या तकतकीत तबकडीवर लेसरनं नक्षी उठवतात, तिच्यावर निकेलचा थर चढवून धातूचा ठसा काढतात, आणि तो ठसा यंत्रात बसवला की वितळलेल्या प्लॅस्टिकमधून काही सेकंदाला एक चकती पडत राहते, डोसे घातल्यासारखी. पडते तेव्हा ती काचेसारखी आरपार असते. गाणं त्यात असतं पण यंत्राला दिसत नाही. मग तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवतात, वर लाखेचा हात, आणि त्याच्यावर आपलं चित्र छापतात. तिथल्या सुपरवायझरनं एक गोष्ट सांगितली ती मी अजून सगळ्यांना ऐकवते. आपण सीडीची चकचकीत बाजू जीव लावून जपतो आणि छापील बाजूवर बिनधास्त पेन चालवतो. गाणं असतं छापील बाजूलाच, चित्राच्या लगेच खाली. चकचकीत बाजूकडून त्याच्यावर मिलिमीटरभर प्लॅस्टिकचं पांघरूण आहे, चित्राच्या बाजूनं फक्त ती लाख.

आणि हजाराची गोम. सगळा खर्च त्या काचेत आणि निकेलच्या ठशात. एकदा ठसा झाला की चकती पाडायला काय लागतं? त्यामुळे तीनशेचे पैसे आणि हजाराचे पैसे जवळजवळ सारखेच निघाले. माझ्यासारख्या बाईला तीनशे पुरल्या असत्या. पण बाविसाला एक पडते म्हटल्यावर हजार नको म्हणायची हिंमत कुणात असते? स्वतः सीडी काढलेल्या अख्ख्या महाराष्ट्रातल्या गवयांचे माळे याच हिशेबानं भरलेत. डबीसकट एक सीडी एक सेंटिमीटर जाड. आमच्या ह्यांनी तिथंच पाकिटामागे आकडेमोड केली: एकावर एक ठेवल्या तर दहा मीटर, म्हणजे आपलं घर आणि वर अजून दोन मजले. वजन शंभर किलो. टेम्पो करावा लागला.

खोकी फोडली आणि पहिलाच इनले, म्हणजे डबीतला छापील कागद, हातात घेतला तर मागच्या यादीत पाचवा आणि सहावा अभंग उलटे छापलेले. चोखोबांच्या अभंगापुढे जनाबाईंचं नाव आणि जनाबाईंच्या अभंगापुढे चोखोबांचं. प्रूफ मीच तपासलं होतं. अक्षरं फुटली नाहीत ना एवढंच बघत बसले. कारण डीटीपीवाल्यानं बजावलं होतं की कारखान्याकडे श्रीलिपीचे मराठी फॉन्ट नसणार, फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून पाठवा, नाहीतर जोडाक्षरांचे तुकडे होतील. जोडाक्षरं सगळी धडधाकट आली. संत बदलले. श्रिंक रॅप फाडायचा, डबी उघडायची, चिठ्ठी चिकटवायची आणि पुन्हा बंद करायची, असं दोन रात्री दिवाणखान्यात मांडी घालून आम्ही दोघं आणि शेजारची दोन पोरं करत होतो. चारशे झाल्यावर हे म्हणाले, "बाकीच्या तशाच राहू देत. दोघंही विठोबाचेच."

विकायचं कसब मला कधी जमलं नाही. कार्यक्रम संपतो, लोक पायाला हात लावायला येतात, आणि त्याच वेळी बाजूच्या टेबलावर हे शंभराच्या नोटा मोजत बसलेले. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं आणि संकोच व्हायचा. पण त्याच संकोचानं पतसंस्थेचे हप्ते फेडले हेही खरं. पुण्यातल्या एका दुकानात चाळीस ठेवल्या होत्या, विकल्या तर पैसे या बोलीवर आणि वर चाळीस टक्के त्यांचे. दीड वर्षानं एकोणतीस परत आल्या, काचेच्या कपाटातल्या उन्हानं कव्हरं पिवळी पडलेली. एका शिष्येच्या नणंदेनं अमेरिकेतल्या मंडळाच्या गणपतीसाठी बॅगेत तीस नेल्या, त्या तिथं एका संध्याकाळीत गेल्या. तिनं फोनवर सांगितलं की बहुतेकांनी आईसाठी घेतल्या. भारतातल्या आईसाठी की तिथं आलेल्या, ते विचारायचं राहिलं. सगळ्यात जास्त खपल्या त्या गावोगावच्या सप्ताहांत. तिथं घासाघीस नाही, "बाई, हे एक आमच्या म्हाताऱ्याला" म्हणून माणूस नोट पुढे करतो. हजारातल्या साडेसहाशे विकल्या, दीडशे सप्रेम भेट गेल्या, बाकीच्या माळ्यावर आहेत.

दुसऱ्या वेळी शहाणी झाले होते.

दुसऱ्या वेळी मला नाट्यपदं गायची होती. सांगलीची बाई, पदं गाणार नाही तर काय करणार! 'मानापमान'मधली दोन पदं मी लहानपणापासून गात आले आहे, त्यांच्यापासून सुरुवात करायची असं मनात होतं. ओळखीच्या वकिलांकडे सहज म्हणून गेले आणि तासाभरानं घामाघूम होऊन बाहेर आले. अभंगांच्या वेळी मला प्रश्नच पडला नव्हता. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आणि चाली मी स्वतः बांधलेल्या. पण पदाचं तसं नसतं. त्यात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आणि दोघांचं घड्याळ वेगळं चालतं. कर्ता गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. काकासाहेब खाडिलकर गेले १९४८ साली, म्हणजे शब्द २००८ अखेर मोकळे झाले होते. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि ते गेले १९५५ साली. म्हणजे १९११ सालच्या नाटकातली चाल २०१५ संपेपर्यंत बांधलेली, आणि मी वकिलांसमोर बसले होते २०१३ मध्ये. तोवर कायद्यानं गायचं तर आदल्याच वर्षी नवं कलम आलं होतं, ३१-सी. त्यात पुन्हा ध्वनिमुद्रण करायला वाट ठेवलेली आहे, पण रॉयल्टी दर गाण्यामागे, दर वर्षी, कमीत कमी पन्नास हजार प्रतींची भरायची. मी दोनशे काढणार होते. वकील हसून म्हणाले, "बाई, कायदा तुम्हाला फार मोठ्या गायिका समजतो."

मग पदं राहिली. बैठकीत गात राहिले, सीडीवर पुन्हा अभंगच घेतले, पुन्हा आठ. आता वाटतं बरंच झालं, कारण पैसे वाचले आणि त्या वाचलेल्या पैशात मला हवं तसं रेकॉर्डिंग झालं. हवं तसं म्हणजे स्टुडिओशिवाय. मैत्रिणीच्या माहेरच्या वाड्यातली माजघराची खोली घेतली. भिंतींना वाकळा टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. कोल्हापूरहून एक मुलगा दोन माईक आणि लॅपटॉप घेऊन आला. रात्री अकरानंतर, रस्त्यावरची वाहनं थांबल्यावर, सगळे एकत्र बसून गायलो. तबला इथं समोर, पेटी डाव्या हाताला, आणि मागे माझा तंबोरा, एक विद्यार्थिनी छेडणारी. पंखा बंद. तंबोरा लावायलाच पाऊण तास गेला. एप्रिल महिना, घामानं बोटं निसटत होती, तारा सारख्या उतरत होत्या. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवायचा, दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि मग एका क्षणी तो बोलायला लागला. कोल्हापूरच्या मुलानं हेडफोन एका कानावरून काढला आणि नुसत्या कानानं ऐकत बसला. मी त्याला म्हटलं, हे असू दे, पहिल्या अभंगाआधी मिनिटभर नुसता तंबोरा असू दे. तो म्हणाला, लोक पुढे ढकलतील. म्हटलं, ढकलू देत.

दोनशेच प्रती, त्यामुळे कारखान्यात जायचं कारण नव्हतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून पन्नास-पन्नास कोऱ्या सीड्यांच्या चार बरण्या आणल्या, पांढऱ्या तोंडाच्या, ज्यांच्यावर प्रिंटरनं थेट चित्र छापता येतं. बरणी उघडली की नव्या प्लास्टिकचा वास यायचा, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या वह्यांच्या कव्हरांसारखा. माझा भाचा राईट करायला बसला. त्याला बजावलं होतं, घाई नको, कमी स्पीडला लाव; पुष्कळ जुन्या प्लेअरना भरधाव लिहिलेली सीडी वाचता येत नाही. एक व्हायला दहा मिनिटं. दोनशे व्हायला त्याची अख्खी मे महिन्याची सुट्टी. कव्हर साध्या पुठ्ठ्याचं केलं, वजन निम्म्याहून कमी. मागे माझं नाव, पत्ता, वर्ष. हे कायद्यानंच लागतं. पहिल्या खेपेला पत्ता टाकायचा राहून गेला होता, आणि कुणी विचारलंही नाही.

या सीडीचा आवाज पहिलीपेक्षा कमी तकतकीत आहे. तिसऱ्या अभंगात लांबून कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. माझी आवडती हीच. आणि पुसली जाणारीही हीच.

मधल्या वर्षांत एकेक दार बंद होत गेलं, आवाज न करता. २०१६ साली मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, गाण्यांच्या सीड्यांचं जुनं दुकान, बंद झालं. ज्या मोझर बेअरच्या कोऱ्या सीड्या आम्ही बरण्यांनी आणल्या ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत संपली. लॅपटॉपची सीडीची खाच गेली, मग गाड्यांची गेली. भाच्यानं माझी दोन्ही रेकॉर्डिंग्ज अ‍ॅपवर चढवून दिली, प्रत्येक गाण्याला बारा आकड्या-अक्षरांचा एक नंबर मिळाला, आधार कार्डासारखा. आता कुणी अ‍ॅपवर माझा अभंग लावला की माझ्या नावावर काही पैसे जमा होतात. पैसे म्हणजे खरोखरचे पैसे, रुपये नव्हेत. पण नॉर्वेत कुणीतरी माझा चोखोबा तीनदा ऐकला हे त्या तक्त्यात दिसतं, आणि ते बघून मी दिवसभर खुशीत होते, हेही कबूल करते.

संक्रांतीच्या जेवणाला बोलावलं होतं ते याच कामासाठी. जेवण झाल्यावर, बाग बघायच्या आधी, शिष्येनं विषय काढला होता. "बाई, माझी पदांची सीडी काढू का? की आता कुणी घेत नाही?" तिचं वय सत्तावीस. तिच्या घरात सीडी लावायला काहीही नाही. तरी तिला सीडी हवी. म्हणाली, कार्यक्रम झाल्यावर लोक विचारतात, त्यांना मोबाईलवर लिंक पाठवते म्हटलं की हो हो म्हणतात आणि नंबर न देताच जातात. मला तिचं म्हणणं लगेच समजलं. शंभर रुपये देऊन काहीतरी हातात घेऊन जाणारा माणूस गाणं विकत घेत नसतो नुसतं. थोडं गाणाऱ्याला देऊनही जात असतो, ओटीत टाकल्यासारखं. लिंकची ओटी कशी भरणार?

मी तिला म्हटलं, शंभर काढ. हजाराला भुलू नकोस, कुणी कितीही स्वस्त सांगू दे. राईटच कर, पण कोरी सीडी चांगली घे, आणि वर कागदाचा स्टिकर अजिबात चिकटवू नकोस. एका बाजूला जरी सरकला तरी फिरताना थरथरते, आणि गाडीतल्या उष्णतेनं सुटला की आतच अडकून बसतो. पुठ्ठ्याचं पाकीट कर, आत तुझ्या हस्ताक्षरात पदांची यादी, आणि मागे मोबाईलवाल्यांसाठी तो चौकोनी कोड. यादी दोनदा तपास. नाही, तीनदा. आणि 'मानापमान' खुशाल गा, त्याच्या चाली आता सुटल्या आहेत. हे सांगताना माझ्या आवाजात काहीतरी आलं असावं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानंतर दहा मिनिटांनी आम्ही बागेत गेलो.

एप्रिलमध्ये ती क्लासला आली ती बेदाण्याची पिशवी घेऊन. बाग संपली होती, खरडछाटणीची तयारी चालली होती. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिनं पेटीवर ठेवलं. "तारा मोकळ्या करताना काढून घेतली. त्या दिवशी तुम्ही बघताना मी बघितलं होतं." मी काही बोलेना तेव्हा घाईघाईनं म्हणाली, "बाबांनी मुद्दाम नाही हो लावली. ती आमच्या जीपमध्ये होती. द्राक्षं घेऊन जाताना रोज लागायची, मला तर तुमच्याकडे यायच्या आधीच ते अभंग पाठ होते. मग जीप विकली. बाबा म्हणतात, नव्या गाडीला भोकच न्हाई, मग तिला ठिवायची कुठं?"

ट्यूबचे तुकडे अजून तसेच होते, चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. ते काढले. खालचा गोल स्वच्छ हिरवट, जसा भाच्यानं बरणीतून काढला होता तसाच. त्याच्या बाहेर कडेपर्यंत सगळं पांढुरकं, विटलेलं. मी ओल्या फडक्यानं पुसली, आतून बाहेर, सरळ रेषेत, आणि कोपऱ्यातल्या जुन्या प्लेअरमध्ये ठेवली. यंत्र जरा वेळ कुरकुरलं. मग काचेवर आकडे उमटले: ८, आणि पुढे ५२:१४. आठ अभंग, बावन्न मिनिटं, चौदा सेकंद. सीडी आतून बाहेर वाजते, आणि तिची अनुक्रमणिका अगदी आत, भोकाजवळ असते. ती रबराच्या सावलीत राहिली होती.

आणि तंबोरा आला. पंखा बंद असलेल्या खोलीतला, रात्री साडेअकराचा. मिनिटभर नुसता तंबोरा, मग माझा षड्ज, तेरा वर्षांपूर्वीचा, आतापेक्षा अर्ध्या पट्टीनं वर. मग पहिली ओळ, पुन्हा पहिली ओळ, तबला सुरू व्हायला आला, आणि टक्. टक् टक्. आकडे दोन मिनिटं एकतीस सेकंदांवर थांबले. शिष्येनं बटण दाबून पुढचा अभंग लावून बघितला, त्याच्या पुढचा, थेट आठवा. नुसतं टकटक. रबराच्या गोलात जेवढं मावलं तेवढं राहिलं होतं.

आम्ही ते अडीच मिनिटांचं अजून दोनदा ऐकलं. मग तिनं सीडी काढून पाकिटात घातली, माझ्या कपाटात ठेवली, आणि जरा रेंगाळली.

"बाई, बाबांनी विचारलंय... पुढच्या हंगामाला एखादी जुनी मिळेल का? माळ्यावर पडल्यात म्हणाला होतात."

स्टूल धरायला लावलं तिला. पहिल्या सीडीच्या खोक्यातून, चिठ्ठी न लावलेल्यांतल्या, सहा काढून दिल्या. म्हटलं, या घेऊन जा, दाबलेल्या आहेत, उन्हाला दाद देणार नाहीत. डब्या मात्र परत आण.